नेपल्सचा गिटारवाला आणि तुझं अमेरिकेचं तिकीट

दादा म्हणून हाक मारलीस, तर दादासारखंच सांगतो. थोडं कडू लागेल.

तुझं म्हणणं असं: वय २३, पुण्यात जिंगल्स आणि मालिकांच्या पार्श्वसंगीतासाठी गिटार वाजवतोस, गाठीला सहा-सात लाख आहेत. कोर्रादो रुस्तिची हा गिटारवाला इटलीहून निघून अमेरिकी गायिका व्हिटनी ह्यूस्टनच्या गाण्यांवर वाजवतो, पुढे मोठा निर्माता (म्हणजे रेकॉर्ड घडवून घेणारा) होतो, मग आपण का नाही? मी बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, अठरा वर्षं आहे. साउंडचं काम करतो, गिटार आता फक्त मंडळाच्या गणपतीत. रुस्तिचीला मी भेटलेलो नाही, पण इथे आलो तेव्हा मीही त्याच्याच नावाचा जप करत आलो होतो. तू त्या गोष्टीचा शेवट वाचून तिकीट काढायला निघालायस, म्हणून आधीची पानं सांगतो.

तो १९५७ चा, नेपल्सचा. चेर्वेल्लो नावाच्या बँडबरोबर त्याची पहिली रेकॉर्ड १९७३ मध्ये निघाली, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. थोरला भाऊ दानिलो हा ओसान्ना या तिथल्या गाजलेल्या बँडचा गिटारवाला, त्यामुळे तालीम घरातच. हे बँड मोडल्यावर त्यांतल्याच काही जणांनी नोव्हा नावाचा नवा बँड काढला आणि लंडन गाठलं.

'लंडन गाठलं' हे आपण सहज वाचून पुढे जातो. ब्रिटन १ जानेवारी १९७३ ला युरोपच्या सामायिक बाजारात आला होता आणि इटली तर त्याचा संस्थापक देश. इटालियन माणसाला तिथे जाऊन काम करायची मुभा होती, ती तेव्हा आपल्याला नव्हती. बोटं तुझी त्याच्या तोडीची असतीलही, पासपोर्ट नाही. मला हे कळायला दोन वर्षं आणि बरेच पैसे लागले.

१९७६ मध्ये नोव्हाची दुसरी रेकॉर्ड आली. नाव 'विमान', आपलंच संस्कृत! तेव्हाच्या जॅझ-रॉकवाल्यांवर भारताची भुरळच होती. तालवाद्यांवर चक्क इंग्लंडचा फिल कॉलिन्स, आणि ड्रमवर नारद मायकेल वॉल्डन, गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या बँडमधला. 'नारद' हे नाव त्याला त्याचे गुरू श्री चिन्मॉय यांनी दिलेलं. आणि नारदाने नारदाचं काम केलं, इकडचा माणूस तिकडे नेऊन पोचवला. वॉल्डन पुढे बे एरियात निर्माता म्हणून स्थिरावला आणि रुस्तिची त्याच्या ठरलेल्या वादकांत जाऊन बसला. बेसला रँडी जॅक्सन, कीबोर्डला वॉल्टर अफानासिएफ, गिटारला हा. १९८५ ची गायिका अरिथा फ्रँकलिनची रेकॉर्ड घे, व्हिटनीच्या पहिल्या दोन रेकॉर्डमधली वॉल्डनने केलेली गाणी घे, तीच नावं पुन्हापुन्हा दिसतील. आर. डी. बर्मन यांच्याकडे जशी वादकांची ठरलेली फळी असायची, तसंच.

म्हणजे तो अमेरिकेत येऊन दारोदार सीडी वाटत फिरला नाही. आधीच शेजारी बसून वाजवलेल्या माणसाने त्याला ओळखलं होतं. तुझ्या पत्रात अमेरिकेतल्या एकाही माणसाचं नाव नाही. सगळ्यात जास्त मला तेच खटकलं.

आता जे कोणी सांगत नाही ते. अमेरिकेत रुस्तिची चांगल्या गिटारवाल्यांपैकी एक होता. मोठा निर्माता तो झाला तो इटालियन लोकांसाठी. १९८५ मध्ये झुक्केरोची जी रेकॉर्ड आली तिच्या नावातच रँडी जॅक्सन बँड आहे. इटालियन गायक, मागे सॅन फ्रान्सिस्कोची मंडळी. त्यानंतर १९८६, १९८७ आणि १९८९ ला रुस्तिचीने झुक्केरोच्या ओळीने तीन रेकॉर्ड केल्या. १९८७ ची तर एकट्या इटलीत दहा लाखांवर खपली. १९९७ ला इटालियन गायिका एलिझाची पहिली रेकॉर्ड, सगळी इंग्रजीत, कॅलिफोर्नियात घडवलेली. २००५ ला नेग्रामारो हा बँड, २०१० ला गायक लिगाबुए, दोघेही इटलीचेच. इटलीच्या कंपन्यांना जो अमेरिकी आवाज हवा होता, तो त्यांच्याच भाषेत बोलून काढून देणारा माणूस त्यांना मिळाला. गायकाला एखादा शब्द कुठे अडतोय, कुठे ओढून म्हणायचाय, हे वॉल्डनला इटालियनमध्ये कळलं नसतं. याला कळत होतं.

म्हणून तू जे लिहिलंयस ना, 'मराठी-हिंदीच्या कामाला कायमचा रामराम', ते आधी खोड. तुझं गिऱ्हाईक तिथेच आहे. इथे बसून मी आज जे काम करतो त्यातलं निम्मं मुंबईहून येतं: कुणाला मिक्स (सगळे आवाज जुळवून तयार केलेलं गाणं) हवं असतं, कुणाला इथल्या वादकाकडून ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी वाद्यं, वाजवून हवी असतात.

व्हिसाचं आता. टुरिस्ट व्हिसावर पैसे घेऊन वाजवणं बेकायदा, 'एकच गिग' (कार्यक्रम) असली तरी. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकायला आलास तर कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम. शुक्रवारी रात्री हॉटेलात वाजवून ८० डॉलर खिशात टाकणंही चालत नाही. शिक्षणानंतर ओपीटीचे, म्हणजे आपल्या विषयात काम करायच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात, त्यात ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. वादकाला अनेक छोट्या गिग जोडून चालतं, पण प्रत्येकीची तारीख, जागा, पैसे देणारा, सगळं वहीत लिहून ठेवावं लागतं. मी ठेवलं होतं. तरी एका कार्यक्रमवाल्याने सहा कार्यक्रम करून घेतले आणि दोनाचेच पैसे दिले. कागदावर काहीच नव्हतं, आणि व्हिसाच्या भीतीने मी ओरडलोही नाही. कागद कर, माणूस मराठी असला तरी. मराठी असला तर आधी कर.

खासगी संगीत महाविद्यालयात तुझ्या सात लाखांत एका सत्राची फीसुद्धा निघणार नाही, हे जाता जाता.

कलावंतासाठी खरा रस्ता ओ-१, म्हणजे असामान्य कर्तृत्व दाखवणाऱ्यांचा व्हिसा. स्वतः अर्ज करता येत नाही, अमेरिकेतला मालक किंवा एजंट लागतो. पहिल्यांदा जास्तीत जास्त ३ वर्षांचा मिळतो, वादकांच्या संघटनेचं मतपत्र जोडावं लागतं, वकील काही हजार डॉलर घेतो. मोठा पुरस्कार नसेल तर सहा निकषांपैकी तीन सिद्ध करायचे, आणि सेशनवाल्याचं (दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगवर पैसे घेऊन वाजवणाऱ्याचं) घोडं इथेच अडतं. निकष विचारतात: मुख्य भूमिका काय होती, तुझ्याबद्दल छापून काय आलं? आपलं काम तर मागे बसून न दिसण्याचं! मुंबईतले गोव्याचे अरेंजर, म्हणजे चित्रपटसंगीताचे संयोजक, आठव, सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस. अख्खा ऑर्केस्ट्रा कागदावर उतरवायचे आणि पडद्यावर नाव क्वचित. त्यांनी आज ओ-१ मागितला असता तर पुरावा काय जोडला असता? म्हणून आत्तापासून प्रत्येक कामाचं क्रेडिट लेखी माग, संगीतकाराचं सहीचं पत्र घे, आणि शक्य तिथे 'निर्मिती' किंवा 'संगीत संयोजन' म्हणून नाव लाव. निर्मात्याचं नाव निकषात बसतं, चौथ्या गिटारवाल्याचं बसत नाही.

पैशाचं गणितही विचारलंयस. संघटनेच्या करारावर सेशन तीन तासांच्या मापाने धरलं जातं आणि किमान दर ठरलेला असतो. करार नसेल तर एकदा पैसे आणि विषय संपला. इथे एफएमवर गाणं वाजलं तर वादकाला दमडी मिळत नाही. डिजिटल रेडिओचे पैसे साउंडएक्सचेंज ही संस्था वाटते: ५० टक्के रेकॉर्डच्या मालकाला, ४५ मुख्य कलाकाराला, उरलेल्या ५ मध्ये मागचे सगळे; अडीच वादकांचे, अडीच पार्श्वगायकांचे. निर्मात्याला मात्र रेकॉर्डमागे टक्के मागता येतात, त्यांना इथे 'पॉइंट' म्हणतात. रुस्तिची गिटार खाली ठेवून काचेपलीकडे, निर्मात्याच्या खुर्चीत, का गेला हे मी त्याला विचारलेलं नाही, पण हे आकडे बघितल्यावर मला फारसं आश्चर्य वाटत नाही.

तू स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर लिहिलेलं पाश्चात्त्य स्वरलेखन) वाचतोस का, हे लिहिलं नाहीस. नुसत्या कानावर पुण्यात भागतं. इथे चार्ट (वाजवायचं लिहिलेला कागद) समोर येतो, क्लिक (लयीची टिकटिक) सुरू होतो, दुसऱ्या टेकला, म्हणजे दुसऱ्यांदा वाजवावं लागलं तर, लोक घड्याळ बघतात. नॅशव्हिलला गेलास तर कॉर्डऐवजी नुसते आकडे लिहिलेले असतात, १, ४, ५. आणि गायिकेने पट्टी बदलली की सगळे न कुरकुरता बदलतात. ते महिन्याभरात येतं. नोटेशनला वर्ष लागेल, ते भारतातच शिकून घे, स्वस्त पडेल.

माझ्या मते यंदा येऊ नकोस. दोन वर्षं मुंबईत राहा, पुण्यात नाही. एखाद्या नव्या मराठी गायक-गायिकेची संपूर्ण रेकॉर्ड स्वतः निर्माता म्हणून कर. मिक्ससाठी किंवा एखाद्या वाद्यासाठी इथल्या माणसाला पैसे देऊन लांबूनच काम करून घे; पाच-सहा कामांनंतर तो तुला नावाने ओळखेल, आणि पुढे तुझ्यासाठी पत्र लिहायची वेळ आली तर त्याला थाप मारावी लागणार नाही.

आजवरच्या कामांची यादी तारखांसकट पाठव. कुठल्या कामाची पत्रं मिळतील आणि कुठली सोडून द्यायची ते खुणा करून परत पाठवतो. फोन करायचा असेल तर रविवारी तुझ्या रात्री साडेनऊला कर, इथे सकाळ असते आणि मी चहा घेत मोकळा असतो.