हे नाव आहे की हुकूम?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बाबांचं महाल भागात शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. मला सायबर सिक्युरिटीत जायचं आहे, मनापासून जायचं आहे. पण प्रोग्रॅमिंगच्या नावानं पहिल्या वर्षाची सी तेवढी झाली, तीही प्रोग्रॅम पाठ करून. एक संस्था सहा महिन्यांच्या एथिकल हॅकिंगच्या कोर्सचे ६५,००० रुपये सांगून राहिली आहे. बाबा म्हणाले, ‘लागले तर देऊ.’ ते कुठून आणतील ते मला माहीत आहे. लॅपटॉप भावाचा जुना, ४ जीबी रॅमचा. मैत्रीण म्हणते, आधी शेजाऱ्यांचं वायफाय फोडून पाहा, हात बसेल. इंग्रजीही बेताचंच. मेकॅनिकलच्या मुलीनं हा नाद सोडून द्यावा का?

— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : पैसे भरू नकोस. हे बाबांना आजच सांग, म्हणजे ते निश्चिंत होतील. सुरुवातीचं जे शिकायचं आहे ते सगळं फुकट मिळतं, आणि तुझ्या ४ जीबीच्या लॅपटॉपवर चालतं.

शेजाऱ्यांच्या वायफायलाही हात लावू नकोस. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरणं येतं, त्याची भरपाई द्यावी लागते. तेच अप्रामाणिक हेतूनं केलं असं ठरलं तर कलम ६६ लागतं : तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या क्षेत्रात काम देणारा माणूस तुझ्या हाती आपल्या घराची किल्ली देणार असतो. विसाव्या वर्षी असा एक डाग लागला तर ती किल्ली पुन्हा कुणी देत नाही. फोडायचंच असेल तर स्वतःच्या घरचा राउटर आहे, स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम आहे.

आता मेकॅनिकलचं. मी स्वतः इलेक्ट्रॉनिक्सची. २००४ साली पास झाले आणि नागपुरातल्याच सदर भागात एका लहानशा ऑफिसात लागले. आम्ही शाळांना प्रवेशाचं सॉफ्टवेअर करून देत होतो. जून महिन्यात एका शाळेतून फोन आला : बाकी सगळे फॉर्म भरले जातात, एका मुलीचाच जात नाही, स्क्रीनवर लाल अक्षरं येतात. त्या फॉर्मचा कोड माझा होता. दोन दिवस मी नेटवर्कची वायर तपासली, डेटाबेस पुन्हा टाकला, नको ते सगळं केलं. तिसऱ्या दिवशी शाळेत जाऊन त्या क्लार्कबाईंच्या शेजारी बसले. मुलीचं आडनाव होतं डिसूझा. इंग्रजीत ते लिहिताना डी नंतर वर एक छोटं चिन्ह येतं, अपॉस्ट्रॉफी. बाईंनी ते चिन्ह गाळून टाईप केलं आणि फॉर्म लगेच गेला. त्या म्हणाल्या, झालं की काम. पण ती मुलगी पुढे दहावीच्या मार्कशीटवर आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर चुकीचं आडनाव घेऊन फिरली असती. तेही माझ्या कोडमुळे.

घडलं होतं ते असं. माझा प्रोग्रॅम डेटाबेससाठी एक वाक्य तयार करायचा : अमुक आडनावाची नोंद साठव. आडनाव कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे डेटाबेसला कळावं म्हणून दोन्ही बाजूंना तेच छोटं चिन्ह लावावं लागतं. डिसूझा आलं की डी च्या पुढचं चिन्ह पाहून डेटाबेसला वाटायचं, आडनाव संपलं. मग उरलेली ‘सूझा’ ही अक्षरं तो हुकूम समजून वाचायचा. असा हुकूम त्याला ठाऊक नव्हता, म्हणून लाल अक्षरं.

त्या रात्री घरी जेवताना घास हातात राहिला. त्या जागी ‘सूझा’ ऐवजी कुणी खरोखरचा हुकूमच टाईप केला तर? दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्याच मशीनवर, माझ्याच प्रोग्रॅमच्या लॉगिनच्या चौकटीत मी ते चिन्ह टाकलं आणि पुढे ‘किंवा १ बरोबर १’ अशा अर्थाची अट लिहिली. ती अट कायमच खरी असते. पासवर्ड न देता मी आत होते, आणि पडद्यावर आमच्याच चाचणीसाठी भरलेली पोरांची नावं, पत्ते, आईबापांचे फोन. हात गार पडले. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात हे मला नंतर कळलं. इलाज सोपा निघाला : वाक्य एकत्र जोडायचंच नाही. हुकूम आधी पाठवायचा, त्यात आडनावाची जागा मोकळी ठेवायची, आणि आडनाव वेगळं पाठवायचं. मग त्यात कुठलंही चिन्ह असो, ते आडनावच राहतं. दुपारपर्यंत मी सगळे फॉर्म बदलले. त्या मुलीचं नाव तिच्या आईबापांनी ठेवलं तसं साठवलं गेलं.

माझ्यासाठी सायबर सिक्युरिटी तिथून सुरू झाली, आणि आज इतक्या वर्षांनीही मी दिवसभर तोच प्रश्न विचारत असते : समोर आलेलं हे नाव आहे, की हुकूम?

तुझ्या पाठ केलेल्या सी मध्येही तो प्रश्न आहे. टर्बो सी च्या निळ्या पडद्यावर नाव वाचून घ्यायला ‘गेट्स’ वापरलं असशील. ते समोरून येणारी अक्षरं मोजत नाही, येतील तितकी भरत जातं. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यावर आपणहून पसरणारा प्रोग्रॅम, इंटरनेटवर पसरला, त्याची एक वाट हीच होती. ‘फिंगर’ नावाच्या सेवेत ५१२ बाइटची जागा होती, वर्मनं ५३६ पाठवले. जास्तीचे बाइट शेजारच्या मेमरीत सांडले आणि त्यांची अशी मांडणी होती की मशीन तेच हुकूम म्हणून चालवू लागलं. सी च्या २०११ च्या प्रमाणातून ‘गेट्स’ काढून टाकलं आहे. आपल्या प्रॅक्टिकलच्या वहीत ते अजून सापडतं, याचं मला फार वाईट वाटतं. तू आज रात्री तुझा जुना प्रोग्रॅम उघड, दहा अक्षरांच्या जागेत साठ अक्षरं टाक आणि काय होतं ते पाहा. मग ‘एफगेट्स’ लावून, ज्याला किती अक्षरं घ्यायची ते आधी सांगावं लागतं, तोच प्रोग्रॅम नीट कर. पाठ केलेली सी तुला त्या रात्री कळायला लागेल.

मेकॅनिकल सोडून दे असं तुला कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. कारखान्यातल्या यंत्रांशी बोलायची मॉडबस ही पद्धत १९७९ सालची, आजही सगळीकडे चालते. ‘या रजिस्टरमध्ये ही संख्या लिही’ एवढा निरोप आला की यंत्र चालवणारा छोटा संगणक, म्हणजे कंट्रोलर, लिहितो, सांगणारा कोण हे विचारायची सोय मूळ मॉडबसमध्ये नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट नावाच्या वर्मनं इराणमधल्या नतांझच्या अणुकेंद्रातल्या सेंट्रिफ्यूजचे, म्हणजे युरेनियमसाठी गरगर फिरणाऱ्या यंत्रांचे, वेग बदलले आणि देखरेखीच्या पडद्यावर सगळं ठीक असल्याचं दाखवलं. फिरणारं यंत्र कुठल्या वेगाला थरथरतं हे माझ्यासारख्या इलेक्ट्रॉनिक्सवालीला पुस्तकात शोधावं लागतं, तुझा तो पेपरच असतो. आपल्या अवतीभवती बुटीबोरी आहे, हिंगण्याची एमआयडीसी आहे, कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं आहेत. यंत्रही कळतं आणि नेटवर्कही कळतं असं माणूस मिळणं अवघड असतं.

सुरुवात मात्र साधी ठेव. लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाक, तिची एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबीत चालते. हॅकिंगच्या टूल्ससकट येणाऱ्या काली लिनक्सची घाई नको, त्यातली शेकडो टूल्स पाहून तू बटणं दाबायला शिकशील. पायथन रोज तासभर, उन्हाळ्यात कूलरसमोर बसून का होईना. मिहानमधल्या कंपन्यांच्या मुलाखतींची चिंता आत्ता नको. पहिली नोकरी बहुधा रात्रपाळीत लॉग, म्हणजे यंत्रणेनं आपोआप केलेल्या नोंदी, वाचण्याची असेल, ती कंटाळवाणी वाटेल, पण यंत्रणा रोज कशी वागते हे त्यातच कळतं. इंग्रजीसाठी एक वही कर : एररचा संदेश आला की तो जसाच्या तसा उतरवायचा आणि खाली मराठीत लिहायचं, मशीन काय म्हणून राहिलं आहे. माझ्या अशा चार वह्या आहेत, अजून उघडते.

आणि ओव्हर द वायर या वेबसाइटवरचा ‘बँडिट’ हा खेळ सुरू कर. फुकट आहे, आणि त्यांनी स्वतःच फोडायला दिलेला आहे. प्रत्येक पायरीवर पुढच्या पायरीचा पासवर्ड शोधायचा. पहिला लगेच सापडेल. दुसरा ज्या फाइलमध्ये आहे तिचं नाव आहे फक्त एक डॅश. फाइल वाचायला तू ‘कॅट’ हा लिनक्सचा हुकूम लिहून पुढे डॅश देशील आणि काहीच होणार नाही, कर्सर नुसता लुकलुकत राहील. लॅपटॉप अडकला असं वाटेल. तो अडकलेला नसतो, तुझीच वाट पाहत असतो. डॅश हे त्याच्यासाठी फाइलचं नाव नसून ‘आता कीबोर्डवरून घे’ असा हुकूम आहे. हे नावच आहे असं त्याला कसं पटवायचं, ते मी सांगणार नाही. दोन दिवस लागले तरी लागू दे, उत्तर कुठे शोधू नकोस. सुटलं की डॅशच्या आधी काय टाईप केलंस ते मला कळव.