बागकामाला पहिल्यांदा येताय?

पहिल्या दिवशी काही उपटू नका. तण समजून ओढलेलं रोप बरेचदा मुद्दाम लावलेलं किंवा आपसूक रुजलेलं देशी झाड निघतं. माळ्यासोबत एक फेरी मारा, काय ठेवायचं ते विचारून घ्या. शंका वाटेल ते राहू द्या. तण काढायचं ते बी धरण्याआधी, पावसाने माती मऊ झाल्यावर, मुळासकट.

पालापाचोळा झाडून बाग चकाचक करायची हौस सगळ्यांनाच असते. ती आवरा. त्या पानांखाली गांडुळं, गोगलगायी, फुलपाखरांचे कोष असतात आणि कुजल्यावर त्याच पानांचं खत होतं. वाटेवरची पानं उचला आणि झाडांखाली पसरा. ५ ते ८ सेंटिमीटर थर पुरे. मात्र तो बुंध्याला टेकवू नका, तिथे ओल धरून साल कुजते. बुंध्याभोवती हौसेने ढीग रचणारे भेटतीलच, त्यांना गोडीत थांबवा.

रोप एकदा रुजलं की रोज शिंतोडे उडवण्यापेक्षा अधूनमधून भरपूर पाणी द्या, मुळं खोल जातात. फांदी छाटण्याआधी घरटं आहे का बघा. आणि हातमोजे स्वतःचे आणा. तिथले नेहमी दुसऱ्याच कुणाच्या तरी मापाचे असतात.