नाव गाळले म्हणजे गोपनीयता राखली, असे नव्हे

सप्रेम नमस्कार.

लेखापाल म्हणून लिंक्डइनवर हिशेबशास्त्राविषयी (अकाउंटिंग) लेखन सुरू करावे का, असे तुम्ही विचारले आहे. जरूर करावे, मात्र आपल्या हाती दुसऱ्याचे हिशेब असतात, याचे भान प्रत्येक पोस्ट टाकताना ठेवावे.

लेखापालांच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत सचोटी, वस्तुनिष्ठता, व्यावसायिक क्षमता व दक्षता, गोपनीयता आणि व्यावसायिक वर्तन ही पाच मूलतत्त्वे आहेत. समाजमाध्यमांवर त्यांपैकी गोपनीयतेला सर्वांत आधी धक्का लागतो, आणि तोही बहुधा नकळत. 'एका औषध वितरकाच्या साठ्यात मोठी तफावत सापडली' एवढेच तुम्ही लिहिलेत आणि त्याच आठवड्यात सहकाऱ्याने ऑडिटच्या ठिकाणचे छायाचित्र टाकले, तर त्या धंद्यातील माणूस दोन्ही धागे सहज जोडतो. रात्री उशिरापर्यंत चाललेले काम दाखवणाऱ्या छायाचित्रातही मागच्या स्क्रीनवरील एक्सेल फाइलचे नाव वाचता येते. क्लायंटशी संबंध संपला तरी हे बंधन सुटत नाही, म्हणून जुने प्रकरणही हाताशी आलेला किस्सा समजू नये.

मग लिहायचे काय? प्रत्यक्ष प्रकरणाऐवजी तत्त्व घ्यावे आणि आकडे स्वतः रचावेत. आर्थिक वर्ष संपायला तीन महिने उरले असताना वर्षभराचा १,२०,००० चा विमा हप्ता भरला, तर यंदाचा खर्च ३०,००० आणि उरलेले ९०,००० आगाऊ भरलेला खर्च म्हणून ताळेबंदात का दिसतात, हे नीट समजावणारी पोस्ट छोट्या व्यावसायिकाच्या खरोखर उपयोगी पडते, आणि तुमची जाण सिद्ध करायला तेवढी पुरेशी असते. 'कर वाचवण्याचा हमखास मार्ग' असल्या मथळ्यांची गरज उरत नाही. जाहिरातीबाबत तुमच्या व्यावसायिक संस्थेचे नियम मात्र आधी वाचा.

कॉमेंटमध्ये कोणी स्वतःचा करप्रश्न मांडला, तर कागदपत्रे न पाहता उत्तर देऊ नका, कारण अपुऱ्या माहितीवरचे तुमचे एक वाक्य तो माणूस विवरणपत्र भरताना आधार म्हणून धरेल. एखाद्या कंपनीतील घोटाळा बाहेर आल्यावर तिच्या लेखापरीक्षकांवर तुटून पडण्याचा मोहही टाळा. त्यांची कार्यपत्रे, म्हणजे तपासणी करताना ठेवलेल्या नोंदी, आपण पाहिलेली नसतात.

करविषयक पोस्टमध्ये ती कोणत्या वर्षाला लागू आहे ते स्पष्ट लिहा. नियम बदलल्यावरही जुनी पोस्ट फिरत राहते. तेव्हा बदल झाला की त्याच पोस्टच्या सुरुवातीला तारखेसह दुरुस्ती नोंदवा.

तुमचा हितचिंतक