दोष कुणाचाच नाही, पण बहिणीला सांगायला हवे

प्रिय भगिनी,

डिचोलीहून पाठवलेले तुमचे पत्र वाचून फार वाईट वाटले. मुलाला ‘हिमोफिलिया ए’, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार, असल्याचे कळल्यापासून सासरी ‘हा तुझ्या माहेरचा दोष’ असे तुम्हाला ऐकावे लागते, देवळात कौलही लावून झाला, आणि आता धाकट्या बहिणीची सोयरीक जुळत असताना ‘तिच्यापाशी काही बोलू नकोस’ असे आई बजावते आहे.

रक्त गोठवणाऱ्या आठव्या घटकाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रीकडे अशी दोन गुणसूत्रे असल्यामुळे एकावरील जनुक सदोष असले तरी दुसरे बहुधा निभावून नेते. मुलाकडे मात्र एक्स एकच, आणि ते आईकडूनच येते. तुमच्या दोहोंपैकी कोणते त्याच्या वाट्याला यावे हे तुमच्या हाती नव्हते, आणि गरोदरपणातल्या खाण्यापिण्याशी किंवा कुणाच्या पापपुण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. सासूबाईंना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. पुढच्या तपासणीला यजमानांबरोबर त्यांनाही बांबोळीच्या रुग्णालयात न्या.

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ मात्र वेगळीच आहे: दात काढल्यावर रक्त न थांबल्याने तुमचे मामा लहानपणीच गेले. आईचा भाऊ आणि आईचा नातू, दोघांनाही हाच त्रास असेल, तर आई आणि तुम्ही दोघीही वाहक, म्हणजे एका एक्सवर सदोष जनुक बाळगणाऱ्या, असणार, आणि बहीण वाहक असण्याची शक्यता 50 टक्के ठरते. ती वाहक असली तर तिच्या प्रत्येक मुलग्याला हा आजार होण्याची शक्यता तितकीच राहील. पहिला निरोगी निघाला म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही. शिवाय काही वाहक स्त्रियांमध्येही हा घटक कमी असतो, आणि प्रसूतीच्या वेळी डॉक्टरांना ते ठाऊक नसेल तर आई आणि बाळ दोघांनाही धोका संभवतो. म्हणून आईची भीती समजत असूनही तिचे ऐकू नका, असेच मी सांगेन.

बहिणीला आजच सांगा. सासरच्यांना केव्हा आणि कसे सांगायचे हे तिचे तिला ठरवू द्या. नुसत्या घटकाच्या पातळीवरून वाहक आहे की नाही याचा निर्वाळा मिळत नाही; आधी तुमच्या मुलाच्या जनुकातला नेमका बिघाड शोधून मग तोच बहिणीच्या रक्तात तपासावा लागतो. त्यामुळे ती डॉक्टरांकडे जाईल तेव्हा मुलाचे सगळे कागद तिच्याबरोबर द्या.