घोडा दाखवा, बाकीचं मागाहून

एरवी या सदरात कुत्र्याच्या लशी, मांजरीचं रुसणं आणि गाईच्या खुरांचे प्रश्न येतात. मागच्या अंकात मी पुण्याच्या रेसकोर्सवर पशुवैद्य म्हणून काम करत होते त्या दिवसांचा ओझरता उल्लेख केला. या वेळच्या पत्रांत बरीच शर्यतीच्या घोड्यांबद्दलची निघाली, म्हणून हा अंक त्यांना देते.

डॉक्टरकाकू, मी बडोद्याच्या म. स. विद्यापीठात पत्रकारिता शिकते. मुंबईच्या एका जाहिरात कंपनीत इंटर्नशिप मिळाली आहे आणि त्यांच्याकडे घोड्यांच्या शर्यतींचं इन्स्टाग्रामचं काम आलंय. मला सांगितलंय, हॅट घातलेल्या बायका, सिनेतारे आणि कुणाला किती पैसे लागले, असे रील्स बनव. आजोबांना कळलं तर घरात महाभारत होईल. जुगार बाजूला ठेवून या खेळाची जाहिरात करता येते का?
*— एक विद्यार्थिनी, मांजलपूर*

येते, आणि चांगली येते. मुली, तुझं पत्र वाचून मला फार बरं वाटलं, कारण हा प्रश्न खुद्द शर्यती भरवणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा.

हॅटला माझा विरोध नाही. इंग्लंडात अ‍ॅस्कॉटला १७११ पासून शर्यती होतात, आणि तिथल्या रॉयल अ‍ॅस्कॉटचा पोशाख हा त्या सोहळ्याचाच भाग आहे. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी अमेरिकेत केंटकी डर्बी ही मोठी शर्यत होते, तिथेही हॅट हव्यातच. फेब्रुवारीत महालक्ष्मीला इंडियन डर्बी असते, तेव्हा मुंबईही नटूनथटून येते. पण कपडे बघायला आलेला माणूस पुढच्या रविवारी फिरकत नाही. कोणता घोडा जिंकला हेही त्याला घरी जाईपर्यंत आठवत नसतं. आणि पैसे लावायला आलेला माणूस घोड्याकडे बघतच नाही, तो आकड्याकडे बघतो. मग या खेळाला चाहते उरतात कुठे?

आता उलट उदाहरण बघ. २०२२ ची केंटकी डर्बी. रिच स्ट्राइक नावाचा घोडा, ३०,००० डॉलरला विकत घेतलेला, त्या मैदानात अगदीच स्वस्तातला. दुसऱ्या एका घोड्याचं नाव आदल्या दिवशी मागे घेतलं म्हणून याला जागा मिळाली. भाव होता ८० ला १, म्हणजे हा जिंकेल असं जवळजवळ कुणालाच वाटत नव्हतं. शर्यत वरून टिपणाऱ्या कॅमेऱ्याची फीत तू शोधून बघ. शेवटच्या वळणानंतर हा घोडा आतल्या कडेनं, इतरांमधून वाट काढत कसा येतो ते त्यात दिसतं. ज्यांनी जन्मात रेसबुक, म्हणजे शर्यतीच्या माहितीची पुस्तिका, उघडलं नाही, त्यांनी ती फीत एकमेकांना पाठवली. त्यात ना हॅट होती, ना सिनेतारे. होता तो फक्त घोडा आणि त्याच्यावरचा जॉकी.

त्याआधी २०२० ची केंटकी डर्बी ऑथेंटिक या घोड्यानं जिंकली. त्याचा साडेबारा टक्के हिस्सा ऑनलाइन विकला गेला होता. २०६ डॉलरला एक वाटा, असे वाटे घेऊन ५,३१४ माणसं त्यात भागीदार झाली होती. एवढ्याशा वाट्यातून कुणी श्रीमंत होत नाही. पण 'आमचा घोडा' म्हणायला मिळतं, आणि तो आज कसा पळाला, कसा आहे, हे फोनवर समजत राहतं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतं ते हाँगकाँगच्या जॉकी क्लबचं संकेतस्थळ. तिथे प्रत्येक घोड्याचा सकाळचा सराव, शर्यतीच्या टप्प्याटप्प्याची वेळ आणि चक्क त्याच्या आजारपणाची नोंद कुणालाही फुकट वाचता येते. कोणता पाय दुखावला, कधी बरा झाला, सगळं उघड. ज्या पशुवैद्यानं तबेल्यात काम केलंय त्यालाच कळेल ही किती मोठी गोष्ट आहे. लोकांवर एवढा विश्वास टाकला की लोकही विश्वास टाकतात.

मग तू काय टिपायचं? पहाटे जा. सूर्य वर यायच्या आत ट्रॅकवर्क, म्हणजे घोड्यांचा सराव, सुरू होतं. पुण्याचा मोसम पावसाळ्यातला, मुंबईचा हिवाळ्यातला, दोन्हीकडचा पहाटेचा उजेड वेगळा असतो. मोतद्दार खरारा करतो तेव्हा घोडा मान कशी खाली सोडतो ते टिप. मोतद्दाराचं बोलणं टिप, कारण घोड्याची नस त्याच्याइतकी ट्रेनरलाही माहीत नसते. कामानंतर पायांवर गार पाणी सोडतात, मग चंदी देतात. नालबंद शर्यतीसाठी अ‍ॅल्युमिनियमचे हलके नाल ठोकतो, ते टिप. पॅडॉकमध्ये घोडा फिरवतात तेव्हा काय बघायचं हे एका मिनिटात समजावून सांग: कान कुठे वळलेत, दोन्ही मागच्या पायांमध्ये घामाचा फेस आलाय का, पाऊल मोकळं पडतंय की आखडलेलं. रेसबुकातली एक ओळ घे आणि त्यातलं वजन म्हणजे काय, अंतर म्हणजे काय, हे सांग. बऱ्याच शर्यतींत चांगल्या घोड्याला जास्त वजन देऊन इतरांच्या बरोबरीला आणतात, हे कळल्यावर शर्यत बघण्याची नजरच बदलते. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटलं. ते कौशल्य दिसलंच नाही, तर लोकांनी या खेळाला जुगार म्हटलं यात त्यांचा काय दोष?

तुझ्या वरिष्ठांना पटवायचं असेल तर हिशेबाचीही एक गोष्ट आहे. शर्यतींवरच्या पैजेवरचा जीएसटी आधी पूर्ण रकमेवर २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. नुसत्या पैजेवर जगणाऱ्या खेळाचे दिवस अवघड आहेत. पैज न लावता बघणारा, तिकीट काढून येणारा, मुलांना घेऊन येणारा माणूस त्यांना आता हवाच आहे.

आणि आजोबांसाठी एक मालिका बनव. आपल्या बडोद्यात आज रेसकोर्स सर्कल उरलंय, शर्यती होत नाहीत, पण या गावाचा घोड्यांशी संबंध केवढा होता! महाराज प्रतापसिंहराव गायकवाडांची प्रिन्सेस ब्यूटिफुल ही घोडी १९४३ मध्ये पहिली इंडियन डर्बी जिंकली, स्वार होता ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. १९४५ मध्ये महाराजांनी इंग्लंडात एक वर्षाचं शिंगरू २८,००० गिनींना घेतलं. एवढी किंमत तिथे तोवर कुठल्याच शिंगराला आली नव्हती. त्याचा सख्खा भाऊ डांटे त्याच वर्षी इंग्लिश डर्बी जिंकला होता. शिंगराचं नाव ठेवलं सयाजीराव, म्हणजे महाराजांच्या आजोबांचं. १९४७ मध्ये या सयाजीरावानं आयरिश डर्बी आणि सेंट लेजर जिंकली. सेंट लेजरला पाठीवर पुन्हा ब्रिटच. पुढच्या वर्षी महाराजांच्या माय बाबूनं टू थाउजंड गिनीज जिंकली. या घोड्यांची निगा जिथे राखली गेली ते न्यूमार्केटचं वॉरन प्लेस महाराजांनी विकत घेतलेलं होतं. त्याच तबेल्यातून अनेक वर्षांनी फ्रँकेल बाहेर पडला. १४ शर्यती, १४ विजय. २०११ मध्ये त्यानं तीच टू थाउजंड गिनीज सहा घोड्यांच्या लांबीइतक्या अंतरानं मारली. फ्रँकेलची ती शर्यत यूट्यूबवर लाव, आजोबांना शेजारी बसव आणि मग त्यांना वॉरन प्लेसची गोष्ट सांग. महाभारत होणार नाही, त्यांचे स्वतःचे किस्से सुरू होतील.

काकू, आमच्या चिरंजीवांना टेलिग्रामवर कुणीतरी 'पक्की टीप' देतो. फेव्हरिट घोडा आतून ठरलेला असतो म्हणे. आधी पाचशे रुपये घेतले, आता पाच हजार मागतोय. खरं असतं का हे?
*— एक वडील, वाडी*

नाही. पैसे देऊ नका, आणि त्या गटातून मुलाला आजच बाहेर काढा. असले लोक अर्ध्या गटाला एका घोड्याचं नाव देतात, उरलेल्यांना दुसऱ्याचं. ज्यांचा लागला ते टाळ्या वाजवतात, ज्यांचा गेला त्यांना गटातून काढून टाकतात. ज्याला खरोखर आतलं कळतं तो पाच हजारांसाठी तुमच्या मुलाच्या मागे लागणार नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर केंद्र सरकारनं २०२५ च्या कायद्यानं बंदी घातली आहे, हेही मुलाच्या कानावर घाला. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा, लाज वाटून घेऊ नका.

डॉक्टर, माझी नात जपानी गेम खेळते. त्यात शर्यतीचे घोडे मुलींच्या रूपात असतात. मागे एक दिवस ती 'हारू उरारा गेली' म्हणून रडत बसली. हे काय खूळ आहे? अशी घोडी खरंच होती का?
*— एक आजी, कारेलीबाग*

आजी, तिला ओरडू नका. हारू उरारा खरी होती आणि तिच्यासाठी तुमच्या नातीच्या आधी जपानमधली मोठमोठी माणसंही रडली आहेत.

जपानमधल्या कोची शहरात एक छोटं रेसकोर्स आहे. पैशाअभावी ते बंद पडायच्या बेतात होतं. तिथे ही घोडी पळायची आणि दर वेळी हरायची. ११३ शर्यती पळाली, एकही जिंकली नाही. पण प्रत्येक वेळी ती जीव तोडून पळायची. वर्तमानपत्रांनी तिची गोष्ट छापली आणि लोक तिला बघायला गावोगावहून यायला लागले. २२ मार्च २००४ ला जपानचा सर्वांत नावाजलेला जॉकी युताका ताके तिच्यावर बसला. त्या छोट्याशा रेसकोर्सवर सुमारे १३,००० माणसं जमली. ११ घोड्यांत ती दहावी आली. ते रेसकोर्स मात्र टिकलं.

तुमची नात खेळते तो 'उमा मुसुमे' हा गेम जपानमध्ये २०२१ मध्ये आला आणि इंग्रजीत २०२५ मध्ये. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे घोडे त्यामुळे आजच्या पोरांना नावानिशी माहीत झाले. नाइस नेचर हा घोडा जपानच्या एका मोठ्या शर्यतीत लागोपाठ तीन वर्षं तिसरा आला होता. निवृत्त घोड्यांच्या सांभाळासाठी त्याच्या वाढदिवशी देणग्या गोळा करतात. गेम आला त्या वर्षी साडेतीन कोटी येनांहून जास्त रक्कम जमली. हारू उराराला तर परदेशातल्या मुलांनी ऑनलाइन पैसे भरून हिरवा चारा पाठवला. सप्टेंबर २०२५ मध्ये ती २९ वर्षांची होऊन गेली. घोड्यासाठी हे पिकलं वय आहे.

मला या सगळ्यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. या मुलांचं प्रेम हरलेल्या घोड्यावरही आहे आणि म्हाताऱ्या घोड्यावरही. इतक्या वर्षांच्या पैजांनी जे साधलं नाही ते एका गेमनं साधलं. नातीला विचारा, तिचा आवडता घोडा कोणता. ती तुम्हाला त्याची वंशावळ तोंडपाठ सांगेल. (गेममध्ये पैसे भरून वस्तू घेता येतात, तिथे मात्र घरातल्या मोठ्यांनी लक्ष ठेवावं.)

डॉक्टरबाई, तुम्ही प्राण्यांच्या डॉक्टर असून शर्यतींचं कौतुक कसं करता? पाय मोडला की घोड्याला मारतात. चाबूक मारतात. रील्समध्ये हे कुठे दिसतं?
*— एक वाचक, फतेहगंज*

तुमचा राग रास्त आहे. आधी पायाबद्दल. घोड्याचं वजन साडेचारशे-पाचशे किलो, आणि तो फार काळ आडवा पडून राहू शकत नाही. एक पाय मोडला की सगळा भार उरलेल्या तिघांवर येतो. मग त्या खुरांच्या आतला थर सुजतो, सुटायला लागतो. याला लॅमिनायटिस म्हणतात. असह्य वेदना असतात. त्या वेदनेतून सोडवणं हाच कधीकधी शेवटचा उपचार उरतो. मी तो निर्णय जवळून पाहिलाय, आणि कुठलाही मोतद्दार त्या वेळी कोरड्या डोळ्यांनी उभा राहत नाही.

आता रील्सबद्दल. बार्बारो हा २००६ चा केंटकी डर्बी विजेता. दोनच आठवड्यांनी पुढच्या शर्यतीत त्याचा मागचा पाय मोडला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टर त्याच्या तब्येतीची बातमी नेमानं लोकांना देत राहिले. लोकांनी पत्रं पाठवली, सफरचंदं, गाजरं पाठवली. जानेवारी २००७ मध्ये लॅमिनायटिसनंच तो गेला. त्याच्या नावानं जमलेल्या पैशातून त्या आजारावर संशोधन झालं. दुःख लपवलं नाही म्हणून ते घडलं. २०२३ मध्ये केंटकीच्याच मैदानावर डर्बीच्या आसपासच्या आठवड्यांत १२ घोडे दगावले, शर्यती दुसरीकडे हलवाव्या लागल्या. हेही जगासमोर आलं, म्हणून प्रश्न विचारले गेले. इंग्लंडातल्या ग्रँड नॅशनल या अडथळ्यांच्या शर्यतीनं २०२४ पासून घोड्यांची संख्या ४० वरून ३४ वर आणली. ब्रिटनमध्ये २०२१ पासून दर सप्टेंबरात एक आठवडा अनेक तबेले सगळ्यांसाठी उघडतात, कुणीही जाऊन घोडा, त्याची जागा, त्याचं खाणं बघावं.

चाबकाच्या वापरावर आता बहुतेक देशांत मर्यादा आहेत, आणि त्या अजून कडक व्हाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे मला सगळ्यात जास्त सलतं ते निवृत्त घोड्यांचं. काही रायडिंग क्लबात जातात, काहींना पोलोत जागा मिळते, घोड्या पैदाशीसाठी स्टड फार्मवर. पण चाहत्याला त्यातलं काही कळत नाही. शर्यत संपली की घोडा पडद्यावरून नाहीसा.

तुम्ही शर्यत बघू नका म्हणालात तर मी वाद घालणार नाही. पण तुमच्या हाती एक काम आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. पुढच्या वेळी एखाद्या रेसच्या पानावर विजेत्याचा हार घातलेला फोटो दिसला, की त्याखाली मराठीत लिहा: चार वर्षांपूर्वीचा विजेता आज कुठे आहे? उत्तर आलं तर मला कळवा, या सदरात छापू. नाही आलं तर दुसऱ्या फोटोखाली पुन्हा विचारा.