झाडावर अजून किती वर्षं चढू?

वय ४२, झाडकामात, म्हणजे झाडावर चढून यंत्र-करवतीने (चेनसॉ) फांद्या कापण्यात, उणीपुरी वीस वर्षं. एका गृहस्थांचा प्रश्न असा होता: "गारठ्यात बोटं पांढरीफटक पडतात, रात्री हात बधिर होऊन जाग येते. मालकाला सांगितलं तर कायमचं खाली उतरवतील. नाही सांगितलं तर एखाद्या दिवशी करवत हातातून सुटेल. काय करू?" ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पण चाळिशी ओलांडलेल्या बऱ्याच झाडकाम्यांच्या मनात हेच चाललेलं असतं.

ते पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत: "शरीर संपलं आता." असं घाऊक वाक्य आलं की आधी त्याची फोड करावी लागते. कुठला हात, कुठलं बोट, किती वाजता, त्याआधी कुठलं काम? तीन आठवडे एवढंच वहीत लिहायला सांगितलं. 'सकाळपासून त्रास' असली नोंद चालणार नाही, 'डावा हात, मधली दोन बोटं, शेंड्यापासून दुसऱ्या पेरापर्यंत, सकाळी पहिल्या फांदीनंतर' अशी हवी. बोटं पांढरी पडली की लगेच मोबाइलवर फोटो काढायचा, कारण डॉक्टरांसमोर पोचेपर्यंत हात ऊबदार होतो आणि बोटं पुन्हा गुलाबी दिसतात. मग 'काही नाही हो' ऐकून माणूस परत येतो.

वहीतून दिसलं की दुखणी दोन आहेत. डाव्या, म्हणजे करवतीची पुढची मूठ धरणाऱ्या हाताची बोटं गारठ्यात पांढरी पडत होती आणि पांढऱ्याची कड स्पष्ट होती. हे करवतीच्या कंपनाचं लक्षण. उजव्या हाताला मुंग्या येत त्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला, तेही रात्री. हे मनगटात नस (मज्जातंतू) दबण्याचं लक्षण. करंगळीत मुंग्या असत्या तर कोपराकडची नस तपासावी लागली असती. निदान डॉक्टरांनीच करायचं, पण अशी वही नेली की तपासणी योग्य जागी सुरू होते. 'शरीर संपलं' यावर उपचार नसतो, दबलेल्या नसेवर असतो.

त्यांना सगळ्यात जास्त सलत होती ती शरम. आपणच कच्चे निघालो, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. म्हणून त्यांना हे सांगितलं की कामगारांच्या आजारांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर अॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या चुनखडीच्या दगडफोड्यांमध्ये हीच पांढरी बोटं नोंदवली होती. ते धडधाकट लोक होते, फक्त हवेवर चालणारे हातोडे दिवसभर धरत. दोष मनगटातल्या ताकदीचा नसून कंपनाच्या हिशेबाचा आहे, हे पटल्यावर ते मोकळेपणाने बोलायला लागले.

हिशेब असा. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार हाताला बसणाऱ्या कंपनाची आठ तासांची सरासरी २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झाली की उपाय सुरू करायचे, आणि ५ च्या वर जायचंच नाही. ७ चं कंपन देणारी करवत असेल तर पहिली रेषा साधारण एका तासात गाठली जाते, दुसरी चार तासांत. कंपन दुप्पट झालं तर वेळ निम्मा नव्हे, एक चतुर्थांश उरतो, आणि लोक फसतात ते इथेच. यात फक्त करवत हातात चालू असल्याचा वेळ धरायचा. मोबाइलच्या घड्याळावर तो मोजला की 'दिवसभर' म्हणजे नेमकं किती, ते कळतं.

करवतीसोबतच्या पुस्तिकेतला कंपनाचा आकडा नव्या करवतीचा आणि धारदार साखळीचा असतो. मुठीजवळचे रबरी बफर चिरले, कडक झाले की तो आकडा विसरायचा. साखळीची धार भुशावरून ओळखावी: जाड कपच्या पडत असतील तर ठीक, पिठासारखा भुसा उडत असेल तर साखळी बोथट आहे आणि तुम्ही करवत दाबून कापताय. दाबलं की मूठ आवळली जाते, आवळलेल्या मुठीतून कंपन जास्त चढतं. म्हणून टाकी भरताना दरवेळी कानशीचे दोन-तीन हात मारून घ्यावेत. कंपनरोधक हातमोजे ऊब देतात, त्यासाठी जरूर घालावेत, पण कंपनापासून वाचवतील या भरवशावर राहू नये. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे बिडी-सिगारेट या दुखण्यात थेट भर घालते. हे सांगितलं की चेहरे पडतात, तरी सांगावंच लागतं.

पाठीचं गणित वेगळं. ओल्या लाकडाचं वजन बऱ्याच जातींत घनमीटरला टनाच्या आसपास भरतं. ३० सेंटीमीटर व्यासाचा एक मीटर ओंडका म्हणजे सुमारे ७० किलो. तोच ३० सेंटीमीटर लांबीचा कापला तर साधारण २१ किलो. उचलण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी सूत्रात सगळं अनुकूल असतानाची मर्यादा २३ किलो आहे, आणि उतारावर, पालापाचोळ्यात, वाकून उचलताना काहीच अनुकूल नसतं. दोन काप जास्त घेतल्याने वेळ जातो, ही तक्रार खरी आहे. पण मणका सरकला की महिनेच्या महिने जातात. लांब ओंडका द्यायचाच असेल तर पकड किंवा गाडा लावावा.

चढण्याबाबत थोडक्यात: दुहेरी फिरत्या दोरावर अंग झोकून वर जाणं खांदे खातं. स्थिर दोरावर पायाचा आणि गुडघ्याचा असेंडर (दोरावर वर सरकणारी, पण खाली न घसरणारी पकड) लावला की भार पायांवर येतो. आणि एका हाताने करवत चालवायची सवय सोडावी, ती जिवाला धोक्याची तर आहेच, कोपर आणि खांदाही तिच्यामुळे जातो.

कानांबद्दल त्यांनी विचारलं नव्हतं. कोणीच विचारत नाही. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. करवत त्याहूनही वर जाते. कानपट्ट्यांच्या गाद्या कडक झाल्या की फटीतून आवाज शिरतो, त्या साधारण सहा महिन्यांनी बदलाव्यात.

राहिला मालकाचा प्रश्न. "मला त्रास होतोय" एवढंच सांगायला गेलं तर समोरच्याला 'हा आता निकामी' असंच ऐकू येतं. म्हणून काय बोलायचं ते आधी ठरवलं: "साहेब, करवतीचा वेळ दिवसाला दोन तासांवर आणायचाय. उरलेल्या वेळात मी दोर लावणं, फांद्या खाली सोडणं आणि नव्या पोरांना शिकवणं बघतो. बफर बदलायचे आहेत. डॉक्टरांचं पत्र हे." मागणी मोजकी, पर्याय तयार, कागद हातात. दोन बैठकांत त्यांनी हे मोठ्याने म्हणून पाहिलं. पहिल्यांदा आवाज माफी मागितल्यासारखा येत होता.

मालक लगेच राजी झाला नाही. महिनाभर करून बघू म्हणाला, आणि नवीन मुलांच्या हातून दोर नीट लागायला लागल्यावर पुढे काही बोलला नाही. मनगटाला रात्री पट्टी बांधल्याने झोप सुधारली. बोटं पांढरी पडणं कमी झालंय, पण शेंड्यांची जाणीव पूर्ण आलेली नाही, शर्टाची बटणं लावताना अजून चाचपडावं लागतं. नसांची इजा रक्तप्रवाहासारखी सहज मागे फिरत नाही, म्हणूनच पहिल्या मुंग्यांनाच डॉक्टरकडे जायचं असतं. किती वर्षं चढणार याचं उत्तर त्यांना वर्षांत मिळालेलं नाही. दर सहा महिन्यांनी पकड, जाणीव आणि ऐकणं तपासायचं आणि पुढच्या सहा महिन्यांचं काम त्यावर ठरवायचं, असं त्यांनी आणि डॉक्टरांनी ठरवलं आहे.