आधी घर बघ

बेटा,

परवा फोनवर तू सगळं सांगितलंस आणि शेवटी विचारलंस, "काका, ठोकू की सोडू?" तेव्हा मी काही बोललो नाही. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहितो.

पाच पोरं. रात्री बाराला भर रस्त्यात गाडीच्या बॉनेटवर केक, तो तलवारीनं कापलेला, वर त्याची रील. पाचातला एक सतरा वर्षांचा. वरचे साहेब म्हणतात सगळ्यांवर कलमं लाव, वस्तीतून धिंड काढ, दहशत मोडली पाहिजे. माजी नगरसेवकाचा फोन, की पोरं आपलीच आहेत, समज देऊन सोडा. आणि त्या सतरा वर्षांच्या पोराची आई डाळ मिलमधून तशीच, डोक्याच्या फडक्यावर चुरीची धूळ घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसलेली: "साहेब, मना पोऱ्या तसा नही शे."

तुझे वडील आणि मी एका चौकीत नोकरी केली. तू फौजदार झालीस तेव्हा पेढ्याचा पुडा पहिला माझ्याकडे आला. म्हणून स्पष्ट बोलायचा हक्क घेतो. ठोकू की सोडू, हा प्रश्न रात्री बाराचा आहे. त्याचं उत्तर संध्याकाळी सातला मिळत असतं, आणि तेही महिनाभर आधी. त्या पोराचं घर तू कधी पाहिलंस? पावसाळ्यापासून तू त्या हद्दीत आहेस. आई ठाण्याच्या पायरीवर पहिल्यांदा भेटली, हे मला जास्त लागलं. आधी घर बघ. हे मी तुला आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नकोस.

कायद्याचं आधी उरकू. पोर एकटं असतं आणि गुन्हा गंभीर नसता तर बाल न्यायाच्या नियमांप्रमाणे एफआयआर झालीच नसती. स्टेशन डायरीला नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमी अहवाल बाल न्याय मंडळाकडे, एवढंच. इथं मोठ्यांच्या जोडीनं घडलंय, म्हणजे गुन्हा दाखल होणार. तो टाळू नको, नगरसेवकाचं ऐकू नको. पण पोराला लॉकअपला बसवायचं नाही, चोवीस तासांत मंडळापुढे न्यायचं, आणि त्याच्याशी बोलणारा पोलीस साध्या कपड्यात पाहिजे. धिंडीचं तर नावच काढू नको. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ७४ कलम त्याची ओळख उघड करायला मनाई करतं. तुमच्या ठाण्याच्या पेजवर त्याचा मान खाली घातलेला व्हिडिओ गेला तर गुन्हा तुमच्याकडून होतो. साहेबांना हे तोंडी न सांगता कागदावर दे. साहेब कागदाला मानतात.

तो सामाजिक पार्श्वभूमी अहवाल. बेटा, मी किती ठाण्यांत पाहिलंय, अंमलदार टेबलावर बसून तो भरतो. "वडील: मजुरी. घरची परिस्थिती: बेताची. संगत: वाईट." तीन शब्दांत पोराचा निकाल. त्या कागदानं मंडळाला काय कळणार? आणि तुला तरी काय कळणार? तो अहवाल म्हणजे घर बघायचा कायद्यानं दिलेला परवाना आहे. टेबलावर भरू नको. घरी जा.

आणि कसं जायचं तेही सांगतो, कारण ट्रेनिंगमध्ये घरझडती शिकवतात, घरभेट कुणी शिकवत नाही. जीप गल्लीच्या तोंडाशी सोड. पोलिसांची गाडी दारात उभी राहिली की शेजारपाजार महिनाभर बोलतो, त्या घरात लग्नाची मुलगी असली तर तिच्यापर्यंत जातं. साधा ड्रेस घालून, पायी. डाळ मिल आणि चटई कंपन्या सुटल्यावर, चूल पेटायच्या वेळेला. आत गेलीस की पोराबद्दल लगेच विचारू नको. आईला विचार, शिफ्ट किती तासांची, घरभाडं किती. डोळे मात्र उघडे ठेव. दाराशी पळायचे बूट आहेत का? आपल्याकडची निम्मी पोरं भरतीच्या नादात पहाटे ग्राउंडवर धावतात आणि रात्री भाऊच्या, म्हणजे वस्तीतल्या दादाच्या, कट्ट्यावर बसतात. बूट झिजलेले असतील तर पोरगं अजून पळतंय, हातातून गेलेलं नाही. मोबाइल महागाचा असेल तर तो कुणाच्या पैशाचा? बाहेरची गाडी कुणाच्या नावावर, हप्ते कोण भरतं? ताट किती वाजता वाढलं जातं, आणि पोरगं त्या ताटावर असतं का? एवढं कळलं की तुला कुठल्या खबऱ्याची गरज नाही.

बाप बहुतेक वेळा नसतोच. आपल्या पट्ट्यातला बाप सुरतेला असतो, उधन्याला लूमवर नाहीतर साड्यांच्या मार्केटात हमालीला. महिन्याला पैसे येतात, माणूस येत नाही. पण आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला येतो, आणि श्रावणात कानबाईच्या सणाला, रोटाला तर येतोच, भाऊबंद सगळे एकत्र असतात. ती तारीख तुझ्या डायरीत पाहिजे. बाप घरी असताना, मामा-काका बसलेले असताना बोललेला एक शब्द ठाण्यातल्या दहा नोटिसांच्या वर जातो. मी स्वतः ते पाहिलंय. काठी न उचलता पोरगं बापाच्या शेजारी मान खाली घालून बसतं.

आता तू म्हणशील, काका, हे सगळं ठीक आहे, पण भाऊ लोक थांबतात का? नाही थांबत. म्हणूनच सांगतो ना! भाऊ त्या घरी तुझ्या आधी गेलेला असतो. पोराच्या आजीला दवाखान्यात न्यायला त्यानं गाडी दिलेली असते. वाढदिवसाला चौकात पोराच्या फोटोचं बॅनर लावलेलं असतं, बापानं आयुष्यात न लावलेलं. मग पहिलं काम अगदी हलकं देतो. गिरणेतून रात्री वाळू निघते. तहसीलच्या गेटसमोर, ठाण्यासमोर, चहाच्या टपरीवर मोबाइल घेऊन बसायचं आणि साहेबांची गाडी निघाली की ग्रुपवर लोकेशन टाकायचं. मारामारी नाही, चोरी नाही, बसल्याजागी पैसे. पोराला वाटतं यात गुन्हा कसला? मग गणपतीची वर्गणी गोळा करायला सोबत. मग कुणाच्या प्लॉटवर ताबा घ्यायचा असेल तर नुसतं उभं राहायला. मग एक दिवस तलवार हातात, ती धरून फोटो. सातपुड्याच्या पलीकडून आलेलं गावठी पिस्तूल त्याच्या पुढची पायरी. या पायऱ्यांत पोलीस पहिल्यांदा दिसतो तो तलवारीच्या पायरीवर. त्याआधी सगळीकडे भाऊच असतो. तू आधी घर बघितलं असतंस तर टपरीवर बसलेल्या पोराला नावानं हाक मारली असतीस. नावानं हाक मारणारा पोलीस समोर असला की तिथं बसणं अवघड होतं.

म्हणून तपासात हा प्रश्न सोडू नको: तलवार कुणी दिली? केकचे पैसे कुणाचे? रील कुणाच्या अकाउंटवरून फिरली? बाल न्याय कायद्याचं ८३ कलम बघ, दुसरा पोटभाग. अठराच्या आतल्या पोराला बेकायदा कामाला लावणाऱ्या मोठ्या माणसाला, एकट्याला की टोळीला, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड. हे कलम लावलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं. पोरावर शस्त्राचं कलम लावणं सोपं, तलवार त्याच्या हातात असते. देणाऱ्याचा हात शोधायला घरी जावं लागतं, आईला विश्वास वाटावा लागतो. पायरीवर बसलेली आई तुला त्या माणसाचं नाव सांगणार नाही. चुलीजवळ बसलेली सांगेल.

तडीपारीबद्दल तू विचारलं होतंस. १९५१ च्या पोलीस कायद्यात ५५ कलम टोळीला, ५६ एकट्या माणसाला, जास्तीत जास्त दोन वर्षं. भाऊवर प्रस्ताव कर, जरूर कर, साक्षीदारांचे गोपनीय जबाब नीट घे म्हणजे अपिलात टिकेल. पण एकोणीस-वीसच्या पोरावर करताना दहादा विचार कर. इथून हद्दपार झालेला सुरतेला जातो, बऱ्हाणपूरला जातो, तिथं त्याच्याहून मोठे भेटतात. घरापासून तोडलेला पोरगा परत येतो तो घरचा राहत नाही.

आणि शांतता समितीच्या बैठकीवर विसंबू नको. गणपती, ईद, रथ आला की ठाण्यात तीच वीस-पंचवीस माणसं, तोच चहा, तेच "आमच्या गावाची परंपरा एकोप्याची आहे." ज्यांच्यामुळे बैठक घ्यावी लागते ती पोरं तिथं नसतात, त्यांच्या आयाही नसतात. १९७० ला भिवंडीबरोबर आपलं जळगावही पेटलं होतं, न्यायमूर्ती मादन आयोगानं दोन्हींची चौकशी केली. भिवंडी पुन्हा १९८४ ला पेटली. मग १९८८ पासून सुरेश खोपडे साहेबांनी तिथं मोहल्ला समित्या उभ्या केल्या. सगळं शांत असताना, वस्तीतली साधी माणसं आणि त्या भागाचा पोलीस एकत्र बसवला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. हे मी तरुण असताना ऐकलं आणि तेव्हापासून डोक्यात बसलं ते बसलंच. शांत असताना जायचं. गुन्ह्याआधी जायचं. आधी घर बघायचं.

माझ्यावर यासाठी पुष्कळ टीका झाली. क्राइम मीटिंगला तक्ता मांडला जायचा: प्रतिबंधक कारवाया किती, दारू-जुगाराच्या केसेस किती. माझ्या बीटचे, म्हणजे माझ्याकडे दिलेल्या वस्तीचे आकडे खाली. घरभेटीला तक्त्यात रकाना नव्हता, आजही नसावा. एका साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हवालदार, तुम्ही पोलीस आहात की बालवाडीचे मास्तर?" मी गप्प उभा राहिलो. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा गल्लीत गेलो. बढतीत मागं राहिलो असेन, त्याचं मला काही नाही. माझ्या घरभेटींच्या वहीत ज्या पोरांची नावं होती त्यातले आज कुणी एसटीत कंडक्टर आहेत, कुणी पाईपच्या कंपनीत ऑपरेटर, दोघं तर पोलिसातच भरती झाले. कुठल्या तक्त्यात मांडू हे? न घडलेल्या गुन्ह्याचा पंचनामा होत नाही.

एका पोराचं मात्र मनातून जात नाही. बाप सुरतेला, आई भाजी विकायची. अंगानं शिडशिडीत, कबड्डीत चढाईला असा जायचा की बघत राहावं. दोन वर्षं मी त्या घरी जात होतो. भाऊचा माणूस दारात बसलेला असताना पण गेलो, त्याला उठवून बसलो. पोरगं आयटीआयला लागलं होतं. आणि माझी बदली झाली. अर्ज केला, आयटीआय पूर्ण होईपर्यंत बीट राहू द्या म्हणालो, ऐकलं नाही. वही नव्या माणसाच्या हातात दिली, त्या घराची पानं दुमडून दिली, तोंडी सांगितलं. ती वही कपाटात गेली. पुढच्या विसर्जनाला नाचण्यावरून भांडण, चाकू, एक मेला. पोरगं आज नाशिक रोडला जेलात आहे. निकालाच्या दिवशी त्याची आई मला कोर्टाच्या आवारात भेटली. म्हणाली, "दादा, तुमी येनं बंद करं." मी काय सांगणार तिला, बदलीचा आदेश दाखवणार? मी गेलो असतो, मला जाऊ दिलं नाही, हे तिला सांगून काय होणार होतं.

म्हणून तुला चिडून लिहितो. तुझ्या हातात अधिकार आहे, मी हवालदार होतो. तुझ्याकडं दोन बीट अंमलदार आहेत, एक महिला शिपाई आहे. त्यांना वाटून दे घरं. प्रत्येक भेटीची नोंद स्टेशन डायरीला कर, म्हणजे उद्या तुझी बदली झाली तरी ती सरकारी कागदात राहील, कपाटातल्या वहीत नाही. हे मी तेव्हा करू शकत नव्हतो, तू करू शकतेस. वेळ नाही म्हणू नको. बंदोबस्त आहे, मंत्र्यांचा दौरा आहे, समन्स वाटायची आहेत, सगळं मला माहीत आहे. आठवड्याला दोन घरं होतात. होतातच.

आता या पाचांचं. ज्याच्या वाढदिवसाला केक कापला तो बावीसचा आहे आणि त्याच्यावर आधीच्या केसेस आहेत म्हणालीस. त्याच्यावर नागरिक सुरक्षा संहितेचं १२९ कलम घे, चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र तगडं माग, जामीनदार त्याच्या घरातला घे, भाऊचा माणूस चालणार नाही. मधल्या तिघांना १२६ पुरे, शांतता राखण्याचं बंधपत्र, आणि बंधपत्रावर सही करायला बापांना बोलाव, सुरतेहून येऊ देत, तारीख तशी धर. सतरा वर्षांच्याची आई रविवारी घरी असते, मिल बंद. त्या दिवशी महिला शिपाई घेऊन जा, अहवालाचा कोरा फॉर्म पिशवीत ठेव, आधी काढू नको. पोराला विचार पहाटे कुठल्या ग्राउंडवर पळतो. मग त्या ग्राउंडवरच्या सरांना गाठ. मंडळापुढं तारीख लागेल तेव्हा तो सर आणि बाप दोघं तिथं उभे राहतील असं बघ. बापाचं भाडं नसेल तर मला सांग, पेन्शन आली आहे.

तुझा,
काका